वगैरेत अडकलेली लिफ्ट

ही गोष्ट कुणाला पटायची नाही. पटलीच, तर ऐकणाऱ्याने आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. पण घडली ती अगदी अशीच, तसूभरही इकडेतिकडे नाही.

लिफ्टवाली म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. दुसऱ्यांच्या हाताखाली स्क्रू पिळून कंटाळली आणि तिने स्वतःचं पहिलं काम घेतलं. सहा मजली इमारत, एकच लिफ्ट, तीही रुसलेली. जळकी मोटर बदलून झाली, तरी रुसवा निघेना: रिकामी असली की सुरसुर वर जायची. लिफ्टवाली आत शिरली की दार मिटून ढिम्म. जुने सोबती जिन्यावर बसून खिदळत होते. "अगं, तिला तूच आवडत नाहीस!"

इमारतीच्या मालकाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "चारपर्यंत हलली तर काम तुझं. नाहीतर ह्यांचं."

तिने मोटर पाहिली, तारा पाहिल्या, दार पाहिलं. सगळं ठणठणीत. शेवटी घाम पुसत ती तळमजल्यावर स्टुलावर बसलेल्या आत्याकडे गेली. आत्या तिचा डबा घेऊन आलेली, आणि ठार बहिरी. कानाशी पिंप आपटलं तरी पापणी लवायची नाही.

"आत्या, वर जात नाही गं!"

"वर जात नाही? राहू दे की मग! घरजावई मिळाला तर रडतेस कशाला?"

जिन्यावर हशा पिकला. लिफ्टवालीलाही हसू फुटलं. मग ती पहिल्यापासून सांगू लागली. "मी आत जाते, वगैरे वगैरे करते, बटण दाबते, की—"

"वगैरे म्हणजे काय?" आत्या कडाडली. "लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा मधले गिळायचीस. नीट सांग!"

"अगं, आत जाते. पिशवी दाराजवळच्या हुकाला अडकवते..."

"पिशवीत काय?"

"पाने, पकड, सांडलेले स्क्रू उचलायचं चुंबक..."

आणि तिचा आ वासलेलाच राहिला. दार मिटलंय की नाही, हे लिफ्टला कळतं ते दारातल्या चुंबकावरून! दुसरं चुंबक शेजारी लटकलं की बिचारीला वाटणार, दार उघडंच आहे. मोटर उघडून पाहिली, तारा उसवल्या, आणि खोड निघाली स्वतःच्याच पिशवीत!

तिने पिशवी आत्याच्या मांडीवर टाकली, मालकाला आणि खिदळणाऱ्या सगळ्यांना आत कोंबलं आणि बटण दाबलं. लिफ्ट अशी उधळली, की सहावा मजला मागे पडला, गच्ची मागे पडली, कबुतरं बाजूला सरली. ढगातून मालक ओरडला, "काम तुझं, बाई! आता खाली घे!"

"थांबा, मामंजी," गोष्ट ऐकत बसलेली सून म्हणाली. "कबुतरांचं मी चालवून घेते. पण ठार बहिऱ्या आत्याला 'वगैरे' ऐकू आलं कसं?"