खोगिराचे दहा धागे

"दहा बायका आणि नंबर एकच? याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात," काचेपलीकडचा कारकून अनीस संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"फसवणूक कसली, सीदी?" खेचरवाला बास्सू अदबीने म्हणाला. "वर आमच्या गावात फोनच एक आहे. माझा."

"मग दुसरे घ्या."

बास्सूने दात आवळले. अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या त्या गावात सिग्नल नाही, तो दीड तासाच्या चढावर खिंडीत लागतो, हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. खेचरवाल्याला रोज खिंड ओलांडावीच लागते, म्हणून गावातल्या विधवांनी सरकारी मदतीच्या अर्जावर त्याचाच नंबर दिला होता. विश्वासाने दिला होता. प्रत्येकीने आपल्या मागावरच्या लोकरीचा एक रंगीत धागा त्याच्या खोगिराच्या दोरीला बांधला होता. खिंडीत कुणाची मदत जमा झाल्याचा निरोप फोनवर आला, की तो तिचा धागा सोडायचा आणि संध्याकाळी तिच्या हातात ठेवायचा. बाई बाजारगावी जाऊन मदत घ्यायची आणि आल्यावर धागा पुन्हा बांधायची. सहा वर्षांत एक धागा इकडचा तिकडे झाला नव्हता. गेले तीन महिने मात्र एकही सुटला नव्हता, आणि पैसे तोच खातो म्हणून गावाने त्याला चोर ठरवून टाकलं होतं.

"नवा नंबर घेतला तरी नोंदणीसाठी फोनवर आलेला आकडा दहा मिनिटांत भरायचा म्हणता. म्हाताऱ्यांनी काय खिंडीतच मुक्काम टाकायचा?"

"ते मला नको सांगू. एका नंबरावर एकच नाव राहील. कुठलं ठेवायचं ते बोल, नाहीतर दहाही रद्द करतो."

"आटप रे, डोंगऱ्या," रांगेतून कुणीतरी खेकसलं.

यादीत बास्सूची आई होती, इत्तो. आणि तूदाही होती. गुडघ्यांनी अधू झालेली, मागेपुढे कुणी नसलेली, आणि गेल्याच शुक्रवारी पाणवठ्यावर त्याच्यासमोर थुंकलेली.

"तूदा," तो म्हणाला. म्हणतानाही त्याला तिचा रागच येत होता.

दुपारी पाणवठ्यावर त्याने एकेक धागा सोडून परत केला. कशासाठी, तेही सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

"आणि ठेवलं कुणाला? आईला. आणखी कुणाला ठेवणार?" एक जण म्हणाली.

तेव्हा त्याने पिवळा धागा सोडून आईपुढे धरला. खोगिराला फक्त तूदाचा लाल धागा उरला.

"तिने तुला चोर म्हटलं होतं," इत्तो म्हणाली.

"तिला मुलगा नाही, आई."

"मला आहे, असं वाटलं होतं." तिने धागा घेतला, पाण्याचा डबा पाठीवर चढवला आणि ती निघून गेली.

चौथ्या दिवशी खिंडीत निरोप आला. बास्सू लाल धागा घेऊन तूदाच्या दारी गेला. सहा वर्षांच्या सवयीने त्याने हाक मारली, "मावशी, तुमचं आलं."

दार बोटभर उघडलं. "हळू बोल, मेल्या. तुला कुणी सांगितलं होतं उपकार करायला? मी पाणवठ्यावर पाय ठेवला की सगळ्या डबे उचलून चालू लागतात. माझ्याशी बोलायला आता कुत्रंसुद्धा नाही."

"मग नको का मदत?"

"नको कसं म्हणू? खाऊ काय?"

तिने धागा घेतला. "आल्यावर बांधून टाका पुन्हा," बास्सू म्हणाला.

"एकटाच लोंबू देऊ? साऱ्या गावाला दिसायला?" ती भिंतीचा आधार घेत चुलीपर्यंत गेली, धागा आत टाकला, आणि परत येऊन दाराला कडी लावली.

फटीतून लोकर जळल्याचा वास येत होता. बास्सूने खेचराचा लगाम धरला. खोगिराच्या दोरीवर दहा ठिकाणी गाठींनी दबलेल्या जागा होत्या. त्यांवरून त्याने एकदा अंगठा फिरवला आणि तो खालच्या वाटेने निघाला, पाणवठा टाळून.