खुंटीवरचं स्टेअरिंग

शुभांगीला, माझ्या मुलीला, घेऊन मी गोपीचंदच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा माझ्या गाडीचं स्टेअरिंग भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं होतं. तुमसरात त्याची ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. धडकेत सांगाडा वाकलेली गाडी आली की तो आधी स्टेअरिंग काढून ठेवतो. गाडीवर जीव असलेले मालक ती तशीच घेऊन जातात, असा त्याचा अनुभव.

"तुमच्यावर त मले पयलेच शक होता, सर," तो हसून म्हणाला.

शक खोटा नव्हता. सिहोऱ्याजवळ उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळली, तेव्हापासून मी एवढंच घोकत होतो की गाडी वाचली पाहिजे. जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. गाडी चालवणं मला कधी नीट जमलंच नाही. माझी बायको चंद्रकला डावीकडे बसायची. दिघोरीला माहेरी जाताना काच खाली करून धानाचा वास घ्यायची आणि मागच्या सायकलवाल्याला हात करायची, "जा भाऊ पुढं, आमाले घाई नाही!" नव्या धानाचा भात झाला की आरशाला लोंब्या बांधायची. तिने बांधलेल्या शेवटच्या लोंब्या अजून तिथेच होत्या.

विम्याच्या सर्व्हेअरने पहिल्या पाहणीत दुरुस्ती मंजूर केली होती. पण गोपीचंदने पुढचा पत्रा उतरवला आणि त्याला पुन्हा बोलावलं. आता तो बॅटरी मारून आत बघत होता.

"सांगाड्याचा डावा खांब फाटलाय," सर्व्हेअर म्हणाला. "पत्र्याखाली होता, म्हणून तेव्हा दिसला नाही. मी गाडी बाद लिहितो."

"वेल्डिंग करून...?" मी हळूच विचारलं.

"वेल्डिंग केली त चकाचक दिसन," गोपीचंद म्हणाला. "पन पुन्हा धडक झाली त हा खांब डावीकडच्याच्या अंगावर येईन. मी नाही करत, सर. दुसऱ्याकडे न्यायची असन त टोचन करून न्या. तेवढ्यापुरतं स्टेअरिंग लावून देतो."

सर्व्हेअर माझ्याकडे बघत थांबला.

"डावीकडे आता कोणीच बसत नाही," मी म्हणालो.

"मंग मी कुठं बसते, बाबा?" शुभांगी म्हणाली. "टपावर?"

गोपीचंद हसला. मला हसू आलं नाही. दर रविवारी ती त्याच सीटवर बसून माझ्याशी बोलायची, आणि मी रस्त्याकडे बघत तिच्या आईला ऐकायचो.

"लिहा बाद," मी सर्व्हेअरला म्हणालो आणि किल्ली गोपीचंदच्या हातावर ठेवली.

मग आरशाच्या लोंब्या सोडवायला गेलो, तर गाठ सुटेना. "सरका, बाबा," म्हणत शुभांगीने ती दातांनी सोडवली. काही दाणे सीटवर सांडले. ते मी वेचत बसलो. कोणी घाई केली नाही.

"चला, मी सोडून देतो घरी," गोपीचंद आपल्या गाडीचं दार उघडत म्हणाला. "पन सर, मी तुमच्यासारखी हळू नाही चालवत, हं."

"चालवा आज हळू," शुभांगी लोंब्या ओंजळीत सांभाळत म्हणाली. "आमाले घाई नाही."