कारण: घरगुती

ऑफिसात सगळे तिला चाळणी म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. रेल्वे कंपनीतल्या वरच्या लोकांना कंपनीचेच शेअर घ्यायचे किंवा विकायचे असले की अर्ज आधी तिच्या टेबलावर येई. बाहेर न फुटलेल्या बातमीच्या जोरावर कोणी आपलं उखळ पांढरं करून घेत नाही ना, हे बघणं तिचं काम. मुळातच नाक खुपसायची सवय, त्यात वर पगार मिळतो. तिला आणखी काय हवं होतं?

त्या सोमवारी खुद्द मोठ्या साहेबांचाच अर्ज आला. सगळे शेअर विकायचे. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: घरगुती.

साहेब वर्कशॉपमधून वर चढलेले. विशीत हातोडीने डब्यांची चाकं ठोकायचे आणि आवाज बद्द आला की तडा ओळखायचे. ती हातोडी त्यांच्या हातात दिली होती तिच्या बाबांनी. इतक्या वर्षांत या माणसाने एक शेअर विकला नव्हता, आणि त्याच भरवशावर बाबांनी निवृत्तीची सगळी पुंजी या कंपनीत घातली होती. आता साहेबच अंग काढून घेतायत म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

साहेब केबिनमध्ये नव्हते. दर सोमवारी ते वर्कशॉपमध्ये जाऊन चार चाकं ठोकत; लोक त्याला म्हातारचळ म्हणत. तिने त्यांना तिथेच गाठलं आणि घरगुती म्हणजे नेमकं काय, असं सरळ विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. डावा कान गेला होता. मागच्या सोमवारी तडा गेलेलं चाक त्यांनी खणखणीत म्हणून पास केलं. एका फिटरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, महिनाअखेर खुर्ची सोडायची आणि शेअर विकून लेकीच्या शेजारी घर घ्यायचं. बायकोखेरीज कोणाला पत्ता नव्हता.

"माझा कान, माझं घर. यात कंपनीचं काय?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"साहेब, तुम्ही जाताय हीच तर बातमी आहे. ती बाहेर येईपर्यंत तुम्हाला एकही शेअर विकता येणार नाही."

साहेबांनी फळीवरचा खडू उचलला. मग तिच्या हातातल्या अर्जावर त्यांनी मोठी फुली मारली, नापास चाकावर मारतात तशी.

संध्याकाळी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काय म्हणते कंपनी? शब्द तिच्या ओठांवर आले होते. "चाललंय," असं म्हणून ती हात धुवायला निघून गेली. पुढे तीन आठवडे ती रोज तेच म्हणाली आणि रोज तिला स्वतःची लाज वाटली.

बातमी जाहीर झाली आणि शेअर दणकून आपटला. बाबा पेपर घेऊन बसले होते. तिला राहवलं नाही.

"बाबा, मला आधीच माहीत होतं."

"मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी तुझं 'चाललंय' बद्द वाजलं."

"मग विकले का नाहीत?"

बाबांनी पेपरची घडी घातली.

"विकले असते, तर फुली तुझ्यावर बसली असती."