आधी क्लॅम्प सोडा, मग टिळा लावा

मी पंपाचा पोलादी पाया बोलतोय. नाक मुरडू नका. बडोद्यात मांजलपूरला सकाळी नळाला पाणी येतं ना, ते ढकलणारा पंप माझ्याच पाठीवर बसलाय.

माझा जन्म मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमधला. जाड पट्ट्या वेल्डिंगने जोडून मला घडवलं. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आक्रसतो, पण शेजारचं पोलाद त्याला आक्रसू देत नाही. ती ओढाताण अंगातच राहते. बाहेरून मी शांत दिसायचो, आतून धुमसत होतो. हा ताण घालवायची भट्टी असते, पण तिच्यात मी मावलो नाही.

माझा जुळा भाऊ आधी मिलिंग मशीनवर चढला. जुने कारागीर जयवंतराव यांनी त्याला क्लॅम्पने घट्ट आवळून वरचा थर एका दमात कापला. सपाटी मोजणाऱ्या डायल गेजचा काटा जागचा हलेना. आमच्याकडे काम पुरं झालं की कुंकू लावून पेंडे वाटतात. मालकीणबाई रसिकाबेननी काटा बघूनच टिळा लावला. मग क्लॅम्प सुटले आणि भाऊ वाकला! थर गेला तसा आतला तोल बिघडला होता, क्लॅम्पनी तो फक्त दाबून धरला होता. टिळ्यासकट भाऊ भंगारात गेला. मला फार वाईट वाटलं.

"बेन, माझा हात गेला," जयवंतराव म्हणाले. "दुसरा बाहेर द्या. मी आता मशीनला शिवणार नाही."

"हात नाही काका, उतावळ नडली. माझीसुद्धा. हा तुम्हीच करायचा, अगदी निरांते, घाई न करता."

मग माझे लाड सुरू झाले. थोडं वरून कापायचं, थोडं खालून, आणि दर वेळी क्लॅम्प सोडून मला मोकळं होऊ द्यायचं. पहिल्यांदा मी वाकलोच, खोटं कशाला बोलू? पण कापायला जाडी शिल्लक होती. खेपेगणिक अंगातला राग उतरत गेला. शेवटचा कट तर इतका हलका, की गुदगुल्या झाल्या.

रसिकाबेन कुंकवाची वाटी घेऊन आल्या. जयवंतरावांनी हात आडवा केला. "जरा थोभो, बेन. आधी सोडू द्या."

एकेक क्लॅम्प सुटला. काटा जागचा हलला नाही. जयवंतरावांनी चष्मा काढून पुसला. बेन म्हणायचंही ते विसरले. "हवे लाव, पोरी. आता खुशाल लाव."

आज माझ्यावर धूळ बसते, कुणी ढुंकून बघत नाही. कुंकू केव्हाच पुसलं. पण पंप फिरतोय आणि मी सपाट आहे, कुणी आवळलेलं नसताना! एवढंच मागणं आहे: आवळून धरलेल्याला सरळ म्हणू नका. सोडून बघा, मग टिळा लावा.