पाचवं शील, आठवं शील आणि मी डावा गुडघा

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचा मान छत्रीला मिळतो, शाळेतल्या बाकाला मिळतो, बंद पडलेल्या घड्याळालाही मिळतो. गुडघ्याला कोणी विचारत नाही. दुखला तर शिव्या, नाही दुखला तर त्याची आठवणसुद्धा नाही. म्हणून न विचारताच सांगतो. मी साताऱ्याच्या येसूबाईंचा डावा गुडघा आहे. जुना, झिजलेला आणि सध्या फार वैतागलेला.

मीही एकेकाळी गुळगुळीत होतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेची मऊ गादी होती, मध्ये वंगण होतं आणि वाकताना माझा आवाज येत नसे. येसूबाई तरुणपणी महाबळेश्वरच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत कामाला जायच्या. ते काम उभ्यानं होत नाही. उकिडवं बसायचं आणि तसंच पुढं सरकायचं. पुढं घरधनी केरू फौजेतून पेन्शनवर आले. साताऱ्यात कारखान्यांच्या वसाहतीजवळ घर झालं आणि बाई एका कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला लागल्या. "मावशी, तुमच्या हाताला चव आहे," असं लोक म्हणायचे. हाताला! दिवसभर खाली मुडपून मी बसायचो आणि कौतुक हाताचं व्हायचं.

माझा मान विहारात होता. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत वंदना शिकवली गेली, तेव्हा बाईंनी ती ऐकून पाठ केली. दर रविवारी आणि पौर्णिमेला सुरुवात त्याच करायच्या. त्यांनी पहिला शब्द उचलला की मागून साऱ्या बायका उचलायच्या. आणि प्रणाम पंचांग असतो, म्हणजे दोन हात, दोन गुडघे आणि एक कपाळ जमिनीला टेकायचं. त्या पाचांत मी एक होतो, हे कृपा करून लक्षात ठेवा.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास माझी गादी विरली. हाडाला हाड लागू लागलं. सकाळी उठताना मी अडायचो, संध्याकाळी सुजायचो. डॉक्टरांनी माझा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "संधिवात आहे. वय झालं, आजी." वय झालं! हा काय उपचार आहे? गोळ्या दिल्या, त्यांनी मी थोडा शांत झालो, पण बाईंच्या पोटात आग पडू लागली. एकदा उलटीतून रक्त पडलं तेव्हा डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या. मग काय घ्यायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "शेक घ्या, वजन उतरवा, व्यायाम करा." सल्ला चांगला होता. बाईंनी मनापासून पाळला आणि मला थोडा आरामही पडला, पण जमिनीवर बसणं काही परत आलं नाही.

बसता येईना, तशी बाईंची वंदना सुटायची वेळ आली. त्यांना दुसरं काही नको होतं. चालायला काठी चालली असती. पण सर्वांत पुढं, जमिनीवर बसून तो पहिला शब्द आपण उचलावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच मी देऊ शकत नव्हतो.

केरूआजोबांनी मग आपल्या पद्धतीनं मोहीम काढली. पलटणीतले जुने सोबती नाथाजी यांच्याकडून त्यांनी एक तेल आणलं आणि रोज चोळायला सुरुवात केली. तेल कोमट होतं, आजोबांचा हात दमदार होता, मला बरं वाटलं. तेलानं की हातानं, हे मला आजही सांगता येणार नाही. आठवड्याभरानं बाईंनी नाक आक्रसलं.

"आवं, ह्याला वास कसला येतोय?"

आजोबा इकडंतिकडं बघू लागले. "पाला हाय जरा. गांजाचा."

बाईंचा आवाज चढला. "रोज तोंडानं पाचवं शील म्हणायचं, नशा करणार न्हाई म्हणून, आन् गुडघ्याला गांजा चोपडायचा? काय वाटतं का जीवाला?"

"आगं, चोपडलाय. पाजला न्हाई!"

"माझ्या अंगाला लागला म्हंजे माझ्या शीलाला लागला."

लगेच गरम पाणी आलं, साबण आला आणि मला खसाखसा धुतलं गेलं. तेलाची बाटली गटारात गेली. माझं मत कोणी विचारलं नाही. नेहमीचंच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत लेक आली. आम्रपाली सांगलीच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. हा किस्सा ऐकून ती आधी पोट धरून हसली. मग गंभीर झाली आणि आईशेजारी बसून मला हात लावून सांगू लागली.

"आई, गंमत ऐक. गांजाचा अंमल ज्या दारांतून अंगात शिरतो, ती दारं आपल्या मेंदूत अन् नसांमध्ये असतात, असं गेल्या काही वर्षांत सापडलंय. दारं तुझ्या अंगात गांजासाठी कोण कशाला ठेवील? म्हणून शास्त्रज्ञांनी शोध घेतला. तर शरीर स्वतःच एक द्रव्य बनवतं, त्या दारांना लागणारं. त्यानं दुखणं मंदावतं. परदेशातल्या लोकांनी त्याच्या नावात आपला 'आनंद' हा शब्द घातलाय."

मी आतून ओरडलो, "अगदी बरोबर!" ते द्रव्य मला कधीपासून माहीत आहे, नाव तेवढं माहीत नव्हतं. पण बाईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे माझं अंग आतल्या आत गांजा करतंय? मी रोज शील मोडती?"

"नाही गं! ही नशा नव्हे. शरीरानं दुखण्यावर केलेला इलाज आहे तो."

"मग दुखतंय का?"

"ते टिकत नाही. शरीरातलंच दुसरं एक द्रव्य त्याला लगेच पुसून टाकतं. पंगतीत पान वाढावं अन् घास घ्यायच्या आत कुणी उचलावं, तसं. त्या उचलणाऱ्याला थोडा वेळ थांबवणारं औषध करता येईल का, असा विचार चाललाय. डोक्याला झिंग न येता नुसतं दुखणं कमी करायचं."

बाई सावरून बसल्या. "त्यानं शील मोडत न्हाई?"

"नाही."

"मग दे की."

आम्रपालीनं माझ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "अजून झालं नाही, आई. उंदरांवर बघतायत. दहा वर्षं लागतील, वीस लागतील. होईलच असंही सांगता येत नाही."

"माझ्याच गुडघ्यात हाय म्हणतीस, आन् मलाच मिळंना?" बाई म्हणाल्या आणि उठून चुलीकडं गेल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी कधी आली नव्हती.

पुढची पौर्णिमा आली. विहारात भन्ते आले होते. पौर्णिमेला बाई अष्टशील घेतात आणि त्यातलं आठवं शील उंच आसनावर न बसण्याचं. कपिल नावाच्या कार्यकर्त्यानं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. बाईंनी ती बाजूला सारली. पाचव्या शीलापायी पाला गेला, आता आठव्यापायी खुर्ची गेली. बाई जमिनीवर बसल्या. मला त्यांनी अक्षरशः मोडून दुमडलं. वंदना सुरू केली, आवाज चढला, आणि मधेच फुटला. पुढचा शब्द येईना. मागच्या बायकाही थांबल्या. साऱ्या विहारात शांतता झाली आणि कारण मी होतो.

आजोबांनी आणि कपिलनं त्यांना उचललं. भन्ते जवळ आले. "येसूबाई, खुर्चीवर का बसत नाही?"

"उंच आसन हाय, भन्ते. शील कसं मोडू?"

"ते शील ऐटीच्या आसनाबद्दल आहे. दुखण्याची कुणी ऐट करतं का? तथागतांनी उपासतापासानं शरीराला जाळणं सोडून दिलं होतं, तुम्ही कशाला धरून बसलात? बसा."

बाई खुर्चीवर बसल्या. मी सरळ सुटलो. त्यांनी डोळे पुसले, पहिला शब्द पुन्हा उचलला आणि बायकांनी तो झेलला. प्रणामाच्या वेळी मात्र त्यांनी खुर्चीतूनच हात जोडले. सगळ्यांचे गुडघे जमिनीला टेकले, मी टेकलो नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी प्रयोगशाळेत गेलं, तर त्या घाईनं पान उचलणाऱ्याला जरा थोपवा. तोवर घरातलं कोणी दुखतंय म्हणालं, तर वय झालं म्हणून मोकळे होऊ नका. जवळ बसा, नीट विचारा, शेकायला पाणी तापवा. आणि आपल्या गुडघ्यांना ते चांगले असतानाच जपा.

परवा येसूबाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तेल नव्हतं, काही नव्हतं, नुसता हात होता.

"का रं," त्या मला म्हणाल्या, "तुझ्यात औषध हाय म्हणं. मग काढ की थोडं."

मी काढतोच आहे हो, बाई. रोज काढतो. पुरत नाही.