वाकलेली सरळपट्टी

मित्रांनो, ‘मी एक जुनी सरळपट्टी आहे’ असे सांगायला मी तोंड उघडते आणि अडखळते. ‘जुनी’ या शब्दापाशी नाही. वय झाल्याची लाज कशाला वाटावी? मी अडखळते ती ‘सरळ’ म्हणताना.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पोकळ नळीतून मला तीन मीटर लांबीला कापले आणि धरायला वरच्या अंगाला दोन मुठी बसवल्या. मग एका फिटरने मला गुळगुळीत दगडी ओट्यावर ठेवले, एक डोळा मिटून माझ्या खालच्या कडेकडे पाहिले आणि म्हणाला, “हिच्याखालून उजेडसुद्धा जायचा नाही.” त्या दिवशी मी जी ताठले, ती ताठलेच. कुणी नुसते ‘पट्टी’ म्हटले तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबत. अहो, सरळपट्टी म्हणा!

माझे काम महामार्गावरचे. डांबराचा थर पसरून झाला, त्यावर रोलर फिरला, की मला रस्त्याच्या लांबीच्या दिशेने अलगद ठेवत. रस्ता सपाट असला तर मी सगळीकडे टेकते. मध्ये खळगा असला तर माझ्याखाली फट राहते. त्या फटीत एक छोटी पाचर सरकवायची. पाचरीवर तांबडी खूण असते. खुणेच्या आत पाचर अडली तर रस्ता पास. खुणेच्या पुढे गेली तर तेवढा तुकडा उखडून पुन्हा करायचा. खळग्यात पाणी साचते, साचलेले पाणी डांबरात मुरते, खडी सुटते आणि बघता बघता रस्त्याची चाळण होते. म्हणून भले भले ठेकेदार मला पाहून घाम पुसत. कुणी हुज्जत घातली तर साहेब म्हणत, “पट्टीनं सांगितलं ना? मग वाद नको.” हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पण माझे काम दिवसातून घटकाभर. बाकीचा वेळ मला कुठे ठेवले आहे, याची कुणाला पडलेली नसे. एका साइटवर बसायला काहीच नव्हते. तिथल्या लोकांनी डांबराची दोन रिकामी पिंपे उभी केली, त्यांवर मला आडवी टाकली आणि माझे बाकडे केले. मुठी बुडाला टोचत, म्हणून मला उलटी ठेवत. जेवणाच्या सुट्टीत तिघे जण माझ्यावर बसत. मधली जागा डांबर पसरणाऱ्या मशीनच्या ड्रायव्हरची. माणूस अंगाने भरभक्कम आणि भारी गोष्टीवेल्हाळ. एकदा बसला की उठायचे नाव नाही. मी उन्हाने तापलेली, त्यात त्याचे वजन. दुखत होते, हे खरे. पण तो गोष्टी इतक्या रंगवून सांगे की मीही ऐकत राही. हळूहळू माझी कंबर गेली. मला सुलटी केली की मधोमध मी आता जमिनीपासून जराशी उचललेली असे. एवढी जराशी, की येता-जाता कुणाच्या डोळ्यांत भरू नये.

ते काम संपले आणि इतर जुन्या सामानाबरोबर मी एका प्रशिक्षण केंद्रात आले. रस्त्याच्या कामावरच्या तंत्रज्ञांना इथे परीक्षेसाठी तयार करतात. इथले सर मोठे हौशी. त्यांनी मला घासूनपुसून पिवळा रंग दिला, मुठींना काळा. लांब उभे राहून म्हणाले, “वा! नवीकोरी दिसते.” दिसते कशी, ते त्यांनी पाहिले. आहे कशी, ते पाहायचे राहून गेले. रंगाखाली मीही गप्प बसले.

सर शिकवत मात्र छान. म्हणत, “वरचं काळं कातडं बघून भुलू नका. रस्ता खालून वर बांधतात. आधी माती दाबा, मग मुरूम, मग खडी, मग डांबर. खालचा थर रुसला, तर वरच्याचे कितीही लाड करा, तो फुटणारच.”

एका वर्गात एक दीर-भावजय होते. दीर रोलर चालवायचा. ती साइटवर हातात झेंडा घेऊन गाड्या अडवायची. नवरा गेल्यावर दिरानेच तिला ते काम मिळवून दिले होते. तो तिला वहिनी म्हणे, म्हणून सगळा वर्गच वहिनी म्हणू लागला. साइट आज इथे, उद्या तिथे, म्हणून तिची लहान मुलगी मावशीकडे वाढत होती. शहरातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत वहिनीला कायमची जागा मिळत होती. फक्त प्रमाणपत्र हवे होते. ते मिळाले की मायलेकी एका घरात राहणार होत्या.

परीक्षेत प्रत्येक गटाने मागच्या आवारात रस्त्याचा एक तुकडा बांधायचा होता. या गटाच्या तुकड्यावर दिराने रोलर फिरवला. शेवटची तपासणी वहिनीकडे होती. तिने माझी कड पुसली, मला ठेवले, पाचर सरकवली. पाचर सरळ तांबड्या खुणेच्या पुढे गेली.

दीर खाली वाकला. “वहिनी, रोलर मी फिरवलाय. इथं खळगा येईलच कसा?”

“आलाय खरा. पट्टी काय खोटं बोलणार आहे, भाऊजी?”

मित्रांनो, तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटले. धरणी कसली दुभंगते! तिला तर त्यांनीच इतकी छान दाबली होती.

दीर हळूच म्हणाला, “पाचर जरा अलीकडंच थांबवा ना. कोण बघतंय? पोरीचा तरी विचार करा.”

“तिचाच करतेय,” वहिनी म्हणाली. “तिच्या आईनं पहिलाच रस्ता खोटा पास करायचा का?”

तिने सरांना बोलावले. सरांनी माझ्याखाली पाचर घालून पाहिली आणि मान हलवली. “स्वतःच्या गटाचा तुकडा स्वतः नापास केलात, शाबास. पण नियम म्हणजे नियम. तुकडा उखडा. आता पुढच्या परीक्षेला बसा.”

दिराने हातमोजे काढून रोलरवर आपटले आणि तो निघून गेला. वहिनी माझ्याजवळच भिंतीला टेकून बसली होती, तेवढ्यात मुलीचा फोन आला. “हो गं बाळा, पुढच्या वेळी नक्की. मावशीला त्रास देऊ नकोस हं.” आवाज अगदी हसरा. फोन ठेवल्यावर तिने पदर तोंडात कोंबला. तिच्या पाठीला माझा पिवळा रंग लागला होता आणि मला तो पुसता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गटाने तुकडा कापून काढला. कापलेली कड समोर आली तसा दीर उकिडवा बसला. “वहिनी, इकडं या. थर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा आहे. खालची खडीपण सपाट. मग खळगा गेला कुठं?”

वहिनी मला उचलून वर्गात घेऊन गेली. तिथल्या फरशीवर मला ठेवले. मध्ये फट. व्हरांड्यात ठेवले. तिथेही फट, तेवढीच. दिराने गवंड्याची दोरी आणली. दोघांनी ती माझ्या खालच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरली. दोरी टोकांना टेकली, आणि मध्ये माझ्यात आणि तिच्यात बोटभर नाही पण पाचरभर अंतर राहिले. इतकी वर्षे मी रस्त्यांची उणीदुणी काढली. आता माझी निघाली होती.

सर धावत आले. दोरी पाहून त्यांचा चेहराच उतरला. “मी हिला रंगवलं,” एवढेच ते म्हणाले. मग सावरून म्हणाले, “मी वर कळवतो. चूक पट्टीची होती म्हणून सांगतो.”

“पट्टीची कशी, सर?” वहिनी म्हणाली. “ती बिचारी वाकलेली होती. आपण कुणी बघितलंच नाही. मीपण नुसती कड पुसली.”

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडले असते. सरांनी शब्द पाळला, वर कळवले. पण तपासायला तुकडाच उरला नव्हता आणि जो तुकडा नाही, तो पास कसा करणार? प्रयोगशाळेतली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या परीक्षेत वहिनी आणि दीर दोघेही पास झाले, दुसऱ्या प्रयोगशाळेत वहिनीला कामही मिळाले. पण मधल्या काळात मुलगी मावशीकडेच राहिली. ते दिवस मी तिच्या आईकडून हिरावले. आणि आधीच्या वर्गांचे काय? माझा आकार असा की फुगीर रस्ता माझ्याखाली चपखल बसावा. त्यांतले कितीतरी वाईट तुकडे मी चांगले ठरवले असतील. त्या विचाराने अजून माझी मान वर होत नाही.

सरांनी नवी सरळपट्टी आणली आणि मला फळ्याशेजारी टांगले. माझ्या गळ्यात ‘वाकडी’ अशी पाटी आहे. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी माझी गोष्ट सांगतात, मला दोरी लावतात, फट दिसते, सगळे हसतात. लाज वाटते, पण हसोत बापडे. माझे आता जे व्हायचे ते होऊन गेले.

हसून झाले की विद्यार्थी शेजारच्या खुंटीवरची नवी पट्टी काढतात आणि तशीच आवारात घेऊन जातात. आज सकाळी एका मुलीने विचारलेसुद्धा, “हिलापण दोरी लावायची का?” तिचा जोडीदार म्हणाला, “छे! ती नवीन आहे.” आणि दोघे निघून गेले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही, म्हणून हात जोडून सांगते. मला नका लावू दोरी. तिला लावा.