प्रेमळ पती, साक्षीदारांसह

आमचा धंदा थडग्यांवरचे दगड कोरायचा. पप्पा कोरतात, मी पॉलिश करतो. ‘प्रेमळ’ हा शब्द पप्पा डोळे मिटून कोरायचे, कारण आमच्या गिऱ्हाइकांत प्रेमळ नसलेला माणूस आजवर मेलेलाच नाही. तसली माणसं सगळी जिवंत आहेत. त्यातला एक शेजारी टायरचं दुकान चालवतो आणि आमच्या दारात टायर रचतो.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी पवित्र जीवनावर उपदेश केला. देव पवित्र आहे, तुम्हीही व्हा, आणि नुसतं चर्चमध्ये नाही, कामाच्या जागीसुद्धा. बाकीची मंडळी नेहमीप्रमाणे घरी जाऊन जेवली. पप्पांनी मनावर घेतलं.

“आजपासून दगडावर खोटं कोरणार नाही!” ते इतके ओरडले की टायरवाल्यानेही मान वर केली.

दुसऱ्याच दिवशी एक कुटुंब आजोबांसाठी ‘सदा हसतमुख’ मागायला आलं. पप्पांनी साक्षीदार मागितले. त्यांनी घर धुंडाळून एक फोटो आणला. आजोबा हसत होते खरे. पप्पांनी ‘एकदा हसले’ असं कोरून दिलं. ते कुटुंब आता दुसरीकडे मरतं.

इथवर ठीक होतं. पण मग आत्या आली.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आतोबा नुकतेच गेले होते. येत्या रविवारी सगळ्या मंडळींसमोर त्यांचा दगड बसायचा होता.

“प्रेमळ पती,” आत्या म्हणाली. “ठळक कोर.”

पप्पांनी छिन्नी खाली ठेवली. “ताई, ते तुझ्याशी कुत्र्यामार्फत बोलायचे.”

हे खरं होतं. चहा गार मिळाला म्हणून आतोबांनी एकदा अबोला धरला तो धरलाच. ‘हिला सांग, मीठ जास्त झालंय,’ असं ते कुत्र्याला सांगायचे. कुत्रा बिचारा आत्याकडे बघायचा.

“नुसतं ‘पती’ कोरतो,” पप्पा म्हणाले.

“दुकानाची पाटी आहे का ती?”

“मग ‘वेळेवर जेवत’?”

“हे बघ धाकट्या,” आत्या उभी राहिली. “रविवारी तो दगड बसला नाही, तर तुझ्या घराची पायरी चढणार नाही मी. कुत्र्यालाही पाठवणार नाही.”

पप्पांचा चेहरा पडला. त्यांची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून त्यांना आत्यानेच वाढवलेलं. एकीकडे देव, दुसरीकडे ताई. आणि दोघांपैकी ताई जवळ राहते.

“खोटं कसं कोरू, ताई?”

“पाळकसाहेब दर रविवारी आपल्याला ‘पवित्र जनहो’ म्हणतात. तेव्हा तू कधी साक्षीदार मागितलेस? पहिल्या बाकावर तू बसतोस. तुझ्याकडे बघून कुणाला पटेल का ते?”

मला पटलं नसतं, पण मला कुणी विचारलं नाही.

“देव आधी नाव देतो, मग घासत बसतो,” आत्या म्हणाली. “हे आता त्याच्या हाती लागलेत. घासणं चालू असेल. जन्मभर काम ठेवून गेलेत, वेळ लागेल. तू आगाऊ कोर.”

पप्पांनी छिन्नी उचलली. मग त्यांनी ‘प्रेमळ’ कोरलं. पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून.

रविवारी दगड बसला. प्रार्थना झाल्यावर कुत्रा पुढे गेला, दगड हुंगला, आणि आत्याकडे बघून एकदा भुंकला.

“ऐकलं हो,” आत्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

सोमवारी पप्पांनी उरलेल्या तुकड्यावर स्वतःचं नाव कोरलं, खाली ‘शांत स्वभावाचे’, आणि तो दारात उभा केला. मम्मी वाचून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

टायरवाला आला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “शांत? हे? कुणी साक्षीदार आहे का?” आणि हातातला टायर त्याने त्याच दगडाला टेकवून ठेवला.

पप्पांचे कान लाल झाले. हातात हातोडा होता. मी पॉलिश सोडून मागे सरकलो.

“अजून...” पप्पांनी हातोडा खाली ठेवला, “घासणं चालू आहे.”

आणि त्यांनी टायर उचलून, अगदी हळू, त्याच्या दुकानात नेऊन ठेवला. परत येऊन मला म्हणाले, “याला सांग, पुन्हा ठेवू नकोस.”